दोन मिनिटं अकरा सेकंद

आरसाबाईला राग आला की ती ओरडत नसे, तिचं काम जास्त चांगलं होई. चाकावर दगड असा काही दाबून फिरवी की शेजारची बाई आपोआप गप्प बसे. शोभेच्या दगडांच्या त्या कारखान्यात तिने पंचवीस वर्षं पॉलिशच्या चाकावर काढली होती. तिच्या हातून उतरलेल्या दगडात माणसाला आपल्या दाढीचे खुंट मोजता येत, म्हणून कोणीतरी कधीतरी तिला आरसाबाई म्हटलं आणि खरं नाव फक्त हजेरीपटापुरतं उरलं.

त्या दिवशी जे झालं त्याची सुरुवात मात्र एकतीस वर्षं आधीची. ती अकरा वर्षांची असताना सूर्याला अर्धवट ग्रहण लागलं होतं. तिचे वडील, आप्पा, तेव्हा याच कारखान्यात मोठ्या करवतीवर होते. त्यांनी पुठ्ठ्याला खिळ्याने भोक पाडलं आणि त्यातून पडलेला सूर्य तिला अंगणातल्या फरशीवर दाखवला. गोल नव्हता, कोणी चावा घेतलेल्या बिस्किटासारखा होता. ती हरखून गेली. आप्पा म्हणाले, "हे काहीच नाही. खरं ग्रहण आपल्या गावावरून जायला अजून एकतीस वर्षं आहेत. भर दिवसा चांदण्या दिसतील. दोन मिनिटं अकरा सेकंद." वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. घर दोनदा बदललं, कपाट तेच राहिलं.

आप्पांनी दिवस मोजत वाट पाहिली आणि शेवटच्या सहा वर्षांत काचबिंदूने त्यांची नजरच नेली. त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला नाही. तिला म्हणाले, "आता तू बघायचं आणि येऊन मला सांगायचं. पण नीट सांग. तुझ्या भावासारखं 'छान होतं' म्हणून मोकळी होऊ नकोस."

भाऊ म्हणजे धाकटा. तिच्याहून सात वर्षांनी लहान. लहानपणी त्याला कडेवर घेऊन तिची कंबर वाकली आणि मोठेपणी त्याच्यासाठी मालकाकडे शब्द टाकून तिनेच त्याला कारखान्यात चिकटवला. दगड त्याला कधी जमला नाही, पण बोलणं जमलं. सहा वर्षांत तो सुपरवायझर झाला. घरात तिला 'ताई' म्हणे, कारखान्यात 'बाई'. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट त्याच्या खिशाला लावलेलं पेन बघून तिला बरं वाटे.

ग्रहणाच्या महिनाभर आधी कारखान्याला मोठं काम मिळालं. टेकडीवरच्या हॉटेलात लांबलांबून पाहुणे येणार होते, केवळ ग्रहण बघायला. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक भेट ठेवायची होती: काळ्या अकीकाची चकती, तिच्यात एकच पांढरी कडी, म्हणजे झाकलेला सूर्य आणि त्याच्या भोवतीचं तेज. सहाशे चकत्या. असा अकीक खाणीतून काळा निघत नाही. राखाडी दगड साखरेच्या पाण्यात तीन आठवडे मुरवायचा आणि मग तेजाबात उकळायचा. सच्छिद्र थर काळे होतात, घट्ट थर पांढरे राहतात. मालकाने डबीत घालायला जो कागद छापून आणला त्यावर मात्र लिहिलं होतं, 'ग्रहणाच्या खोऱ्यात निसर्गाने घडवलेला खडा'.

शेजारच्या चाकावरची बाई तो कागद वाचून म्हणाली, "निसर्गाने आपल्याकडे अर्धवेळ नोकरी धरलीय वाटतं. हजेरीपटावर दिसला नाही कधी." या बाईचं तोंड दिवसभर चालू असे, म्हणून तिला सगळे बडबडी म्हणत.

आरसाबाईला कागद खोटा वाटला तरी चकती आवडली. शेवटच्या चाकावर, ओल्या पांढऱ्या पावडरीने घासताना, एक क्षण असा येई की काळा भाग विहिरीसारखा खोल जाई आणि कडी वर तरंगू लागे. हजारो दगड हाताखालून गेले होते, पण त्या क्षणाला अजून तिचा हात थांबे.

तिने रजा मागितली. त्या दिवशी कोणालाच रजा नाही असं उत्तर आलं. मग ती धाकट्याला त्याच्या घरी जाऊन भेटली.

"रजा राहू दे," ती म्हणाली. "पण पावणेबाराच्या सुमारास पंधरा मिनिटं बाहेर सोड. सगळ्यांना."

"मालकांशी बोलतो." दोन दिवसांनी तो म्हणाला, "बोललो. पंधरा मिनिटं पक्की. माझा शब्द आहे, ताई."

तिने ग्रहण बघायचे पुठ्ठ्याचे चष्मे मागवले, कारखान्यातल्या तेवीसही माणसांसाठी. बडबडीने ते चार दिवस आधीच घालून बघितले आणि मालक या चष्म्यातून अजिबात दिसत नाही, तेव्हा चष्मे चांगले आहेत असा निकाल दिला.

तो दिवस उजाडला तो अगदी स्वच्छ. आकाशात ढगाचा कपटा नव्हता. आप्पा सकाळपासून अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून अंगणात खुर्चीवर बसले. "जा तू," ते म्हणाले, "मी माझा आहे इथे."

कारखान्याच्या दाराशी कामगारांचे फोन नेहमीसारखे ट्रेमध्ये जमा झाले. दहाला दहा मिनिटं कमी असताना धाकट्याला फोन आला. तो बाजूला जाऊन बोलला, 'हो साहेब' असं चार वेळा म्हणाला, आणि मग त्याने शटर खाली ओढलं, आतून कुलूप घातलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. मागचं दार कधीच नव्या भट्टीच्या भिंतीत गेलं होतं.

आरसाबाई चाक बंद करून त्याच्यापाशी गेली. "कुलूप कशाला?"

"मालकांचा फोन होता. कोणाच्या डोळ्यांना इजा झाली तर जबाबदारी आपल्यावर येते. आणि अजून नव्वद चकत्या व्हायच्यात, बाई."

"चष्मे आहेत."

"त्या चष्म्यांची खात्री कोण देणार?"

"पंधरा मिनिटांची खात्री कोणी दिली होती?"

"मी दिली तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे ना? मग उघड."

"बाई, जागेवर जा. सगळे बघतायत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जागेवर गेली आणि काम करू लागली. एका तासात तिने जेवढ्या चकत्या उतरवल्या तेवढ्या एरवी अर्ध्या दिवसात होत नसत, आणि सगळ्या अशा की बोट लावायला जीव धजू नये. बडबडी तिच्याकडे बघत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचत नव्हतं.

अकरा वाजून गेल्यावर, आप्पांच्या करवतीवर आता जो म्हातारा होता, तो खाली बघत उभा राहिला. कारखान्याचं छप्पर जुन्या पत्र्याचं, खिळ्यांच्या जागी गंजून भोकं पडलेली. उन्हाळ्यात त्यातून जमिनीवर उन्हाचे रुपयाएवढे गोल पडत. त्या वेळी गोल नव्हते. ओल्या फरशीवर, दगडांच्या ढिगांवर, पाण्याच्या पिंपात, माणसांच्या पाठीवर, जिथे तिथे चंद्राच्या असतात तशा कोरी पडल्या होत्या. शेकडो सूर्य, सगळे कोरीएवढे, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. आरसाबाईच्या ट्रेमधल्या काळ्या चकत्यांवरही एक पडली होती. आजवर तिने त्या दगडातून जेवढं काही काढलं होतं ते तिच्यापुढे फिकं होतं.

चाकं एकेक करून थांबली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. एक बाई हात पुढे करून तळव्यावर सूर्य घेऊन उभी राहिली.

धाकट्याने हे पाहिलं आणि छताच्या सगळ्या ट्यूब लावल्या. पांढऱ्या उजेडात कोरी पुसल्या गेल्या.

"काम चालू द्या," तो म्हणाला. आवाज मोठा काढला होता, पण तो मध्येच चिरकला.

आरसाबाई उठली. ती भावाकडे गेली नाही, भिंतीवरच्या मुख्य बटनाकडे गेली आणि तिने त्याचा दांडा खाली ओढला. ट्यूब गेल्या, पंखे गेले, चाकं कण्हत कण्हत थांबली. पंचवीस वर्षांत तिने त्या जागेत अशी शांतता ऐकली नव्हती. कोरी परत आल्या, आणि मघापेक्षा बारीक होत्या.

"ताई, वर कर तो," धाकटा म्हणाला. तिला त्याने कारखान्यात ताई म्हटलं ते पहिल्यांदा.

"किल्ली दे."

"नोकरी जाईल माझी."

"किल्ली दे, धाकट्या. अजून वेळ आहे. शटर उघडायला दहा सेकंद लागतात."

तो शटरला पाठ लावून उभा राहिला, हात खिशात. करवतीवरचा म्हातारा पुढे झाला, "साहेब, तुम्हीही या की बाहेर," म्हणाला. बडबडीने हात जोडले. तेवीस माणसं होती, त्याच्याकडून किल्ली हिसकावून घ्यायला चार पुरली असती. पण कोणी हात घातला नाही. पुढे कित्येक दिवस आरसाबाई या गोष्टीसाठी स्वतःला बोल लावत होती. आपण बोलत का बसलो.

कोरी केसाएवढ्या झाल्या, थरथरल्या आणि विझल्या. मिट्ट काळोख झाला. शटरच्या खालच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ राखाडी निळी झाली आणि तिथून गार वारा आत आला. मग बाहेरून आवाज उठला. रस्त्यावर, गच्च्यांवर, शाळेच्या मैदानात, सगळ्या गावाने एकदम श्वास सोडावा तसा. कोणी ओरडत होतं, कोणी टाळ्या पिटत होतं, मग तेही शांत झालं. आत तेवीस माणसं आणि एक सुपरवायझर गंजलेल्या पत्र्याकडे बघत उभे होते. एका भोकातून म्हणे एक चांदणी दिसली. म्हाताऱ्याने ती पाहिली असं तो शेवटपर्यंत सांगत असे. आरसाबाईला नाही दिसली. ती अंधारात, धाकटा जिथे असेल त्या दिशेला बघत होती.

मग फरशीवर एकेक ठिणगी पडली आणि कोरी पुन्हा उमटल्या, आता उलट्या तोंडाने. बाहेर लोक हसत होते.

तिने स्वतः दांडा वर केला. चाकं सुरू झाली. ती आपल्या जागेवर न जाता खरबरीत चाकापाशी जाऊन बसली, जिथे ओबडधोबड दगड पहिल्यांदा घासतात. सकाळपासूनच्या चाळीस चकत्यांचा ट्रे तिने शेजारी ठेवला, एक उचलली आणि तिचं तोंड चाकाला लावलं. कर्र आवाज झाला. काळी विहीर क्षणात राखाडी, खरवडलेली, आंधळी झाली. तिने दुसरी उचलली.

"काय करतेस," धाकटा धावत आला. "ताई, वेड लागलं का? संध्याकाळी द्यायच्यात त्या."

ती थांबली नाही. प्रत्येक चकतीला तिचा जीव तुटत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात ढळला नाही. "या माझ्या आहेत," एवढंच म्हणाली. "बाकीच्या तुझ्या मालकाच्या." तिच्या मनगटाला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. चाळिसावी खरवडून होईपर्यंत साडेबारा वाजले, जेवणाच्या सुट्टीसाठी शटर वर गेलं, आणि ती डोळे दिपवणाऱ्या, अगदी नेहमीच्या उन्हात बाहेर पडली. तिच्या मागून बडबडी आणि करवतीवरचा म्हातारा निघाले. बाकीचे डबे उघडून बसले. त्यांच्यावर तिचा राग नव्हता. चालवायची घरं सगळ्यांना होती.

आप्पा अजून अंगणातच होते. पावलं ओळखून म्हणाले, "आलीस? थांब, आधी मी सांगतो, नाहीतर विसरेन." चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "आधी मानेवरचं ऊन पातळ झालं. कोणी वरून चादर धरावी तसं. मग पाखरं एकदम कलकलली, एकदम गप्प झाली. वारा फिरला. पायाखालची फरशी गार लागायला लागली. लोक ओरडले. शेजारची सून रडत होती, का रडतेस विचारलं तर तिलाही सांगता येईना. मी मोजत होतो. एकशे एकतीस मोजले आणि गालाला ऊन लागलं. बरोब्बर. आता तू सांग. कसं दिसलं?"

ती त्यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसली. सगळं सांगितलं, नीट सांगितलं. कोरी सांगितल्या, ट्यूब सांगितल्या, किल्ली सांगितली, चाळीस चकत्या सांगितल्या. आप्पा ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा मिटत गेला.

"कुलूप," ते म्हणाले. "तीस वर्षं काढली मी तिथे. दुष्ट मालक पाहिले, पण माणसं आत असताना कुलूप कोणी घातलं नव्हतं. आणि घातलं ते माझ्या मुलाने." बराच वेळ त्यांनी काठीची मूठ दाबून धरली. "ज्या आंधळ्याला दिसत नाही त्याला मिळालं, आणि जिला दिसतं तिला कोंडून ठेवलं. हे मी गिळणार नाही. तूही गिळू नकोस."

संध्याकाळी धाकटा आला. दारातच उभा राहिला. फोन पुढे केला. "बघ तरी ताई. टेकडीवरून काढलाय कोणीतरी. इतका स्वच्छ आलाय."

तिने फोनकडे पाहिलंही नाही. "पंचवीस वर्षं मी दगडाचे फोटो छापून येताना बघतेय. दगड तसा नसतो."

"मीही नाही पाहिलं ग," तो म्हणाला. "मीही आतच होतो ना तुमच्याबरोबर?"

"तुझ्या खिशात किल्ली होती."

आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तो फोन खिशात टाकून गेला. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढल्याचं पत्र आलं आणि तिसऱ्या दिवशी ती कामगार कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाने तिचा अर्ज उलटसुलट केला. "नुकसानाचं स्वरूप या रकान्यात काय लिहिलंय हे? सूर्यग्रहण दिसलं नाही? बाई, हे नुकसान होत नाही."

"तेवीस माणसं कुलपात होती. बाहेर पडायला दुसरं दार नाही. आग लागली असती तर?"

"लागली का?"

"नाही."

"मग कशाला डोक्याला ताप करून घेता?"

"साहेब," ती खुर्ची ओढून बसली, "तुम्ही त्या दिवशी कुठे होतात?"

"इथे गच्चीवर. सगळे होतो."

"कसं होतं?"

कारकुनाने पेन उचललं, तो रकाना खोडला आणि वर लिहिलं, 'कामगारांना कोंडून ठेवणे, आपत्कालीन मार्ग नसणे.' "असं लिहायचं असतं," तो म्हणाला. "करा सही."

चौकशी चार महिने रखडली. ती दररोज फेऱ्या घालत राहिली. मधल्या काळात एका दुसऱ्या गल्लीत स्वयंपाकघराचे ओटे घासायचं काम तिने धरलं. ग्रॅनाइटचे लांबच लांब तक्ते, त्यांत न कडी न खोली. ती त्यांनाही आरसा करून सोडे, रागातच.

शेवटी सुनावणीचा दिवस आला. मालक स्वतः आला नव्हता, त्याने वकिलाच्या हाती पत्र पाठवलं होतं. अधिकारी बाईंनी ते वाचून दाखवलं: कुलूप लावण्याचा निर्णय सर्वस्वी सुपरवायझरचा होता, व्यवस्थापनाला त्याची कल्पना नव्हती. आरसाबाईला वाटलं होतं की मालक दंडाची घासाघीस करेल. तो असा हात झटकून मोकळा होईल आणि सगळं धाकट्याच्या गळ्यात येईल हे तिच्या मनात आलं नव्हतं. धाकटा समोरच्या बाकावर गुडघ्यांकडे बघत बसला होता. चार महिन्यांत वाळला होता.

"खरं आहे का हे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

वकील घड्याळ बघू लागला. अधिकारी बाई आरसाबाईकडे वळल्या. "तुमचं म्हणणं?"

"याच्या खिशात किल्ली होती हे खरं आहे," ती म्हणाली. "ती याने आपल्या मनाने फिरवली असं याला म्हणायचं असेल तर म्हणू दे. मी अर्ज मागे घेणार नाही. भाऊ आहे म्हणूनही नाही."

मग धाकट्याने वर पाहिलं, तिच्याकडे नाही, खिडकीकडे. "दहाला दहा कमी असताना मालकांचा फोन आला," तो म्हणाला. "कुलूप लाव म्हणाले. सहाशे चकत्या झाल्या नाहीत तर तुझ्या बहिणीला आधी घालवतो म्हणाले. पंधरा मिनिटांचं मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. ताईला खोटं सांगितलं. वाटलं, त्या दिवशी बघू." त्याने फोनची नोंद काढून टेबलावर ठेवली.

निकाल आठवड्याने लागला. मालकाला दंड झाला, तो त्याने हसत भरला. भट्टीच्या बाजूची भिंत फोडून दार काढावं लागलं. आरसाबाईला परत घेण्याबद्दल निकालात अवाक्षर नव्हतं, कारण चाळीस चकत्या तिने सर्वांदेखत खराब केल्या होत्या आणि ते ती कधीच नाकारत नव्हती. धाकट्याची नोकरी मात्र सुनावणीच्याच दिवशी गेली.

सुनावणी संपल्यावर कार्यालयाच्या पायऱ्या उतरून दोघं रस्त्याला लागले. ती पुढे, तो दहा पावलं मागे. कोपऱ्यावर त्याने तिला गाठलं.

"सांगितलं ना मी खरं?"

"सांगितलंस. चार महिन्यांनी."

"बोललीस माझ्याशी," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून तिचा राग पुन्हा उसळला. मला घालवतील म्हणून याने कुलूप घातलं, हे ऐकल्यापासून तिला आणखीच संताप येत होता. तिला न विचारता तिच्या नोकरीसाठी तिचंच ग्रहण विकणारा हा कोण?

"मला खोटं का सांगितलंस?" ती म्हणाली. "मला खरं सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी कामावर आलेच नसते. काढलं असतं तर काढलं असतं. ते माझं मी ठरवायचं होतं."

तो फुटपाथच्या कडेकडे बघत राहिला.

"आप्पांना जाऊन सांग," ती म्हणाली. "आज तिथे जे बोललास ते सगळं. शब्दही गाळू नकोस. आणि माझ्याआधी पोच."

"तू येत नाहीस?"

"तू जा."

तो गेला. ती बसथांब्याच्या बाकावर बसली. घराकडे जाणारी बस आली, कंडक्टरने तिच्याकडे बघून घंटीच्या दोरीवर हात ठेवला. तिने मानेने नाही म्हटलं. धाकटा पायी गेला होता, आणि त्याला घरी पोचायला अजून वीस मिनिटं तरी लागणार होती.